जहाज किती उंच टांगायचं?

मामाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी त्याला एक पोस्टर दिलं. 'नॉर्मंडी' नावाच्या फ्रेंच प्रवासी जहाजाचं, 1935 सालचं, कासांद्रनं केलेलं. अर्थात नवी छपाई. अस्सल प्रत घ्यायची तर मला घर गहाण टाकावं लागलं असतं. दादरहून फ्रेम करून घेतली, काच बसवली आणि भिंतीला भोक पाडायला ड्रिल मशीनवाला मुलगाही सोबत घेऊन गेले. पाच मिनिटांचं काम होतं. दोन तास लागले, आणि तरी ते झालं नाही.

मामा कमर्शियल आर्टिस्ट. 'ग्राफिक डिझायनर' म्हटलेलं त्याला चालत नाही. साठच्या दशकात जेजेतून बाहेर पडला. आधी गिरगावात एका लिथो छापखान्यात आणि मग जाहिरातींच्या धंद्यात हातानं अक्षरं काढण्यात त्याची हयात गेली. मी मरीन इन्शुरन्सच्या क्लेम विभागात. जहाज त्याच्यासमोर रेषा होऊन येतं आणि माझ्यासमोर फाईल होऊन, तीही बहुतेकदा बुडल्यावर नाहीतर जळल्यावर. त्या दिवशीचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिते आहे. मामाच्या तोंडी काही शिव्या होत्या, तेवढ्या गाळल्या आहेत.

मी: सोफ्याच्या वर लावू या. मध्यावर.

मामा: सोफ्याच्या वर देव असतात, नाहीतर गेलेली माणसं. हे तिथे टांगलंस की संपलं. नीट बघ. खाली नावाची पट्टी. तिच्यावर नाळ, सुरीच्या पात्यासारखी सरळ वर चढत गेलेली. एक बाजू उजेडात, एक अंधारात. पार वर पांढरे मजले आणि धुराड्याचा लाल तुकडा. आणि इथे पाण्याशी पक्षी, तांदळाच्या दाण्याएवढे. आता सांग, बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे?

मी: खाली.

मामा: नुसता खाली नव्हे, पाण्याला टेकलेला. सोफ्याच्या वर टांगलंस तर समुद्र माणसांच्या डोक्यावर येईल. हे गुडघ्याच्या उंचीवर लागलं पाहिजे.

मी: गुडघ्याच्या? लोक म्हणतील म्हातारा चळला.

मामा: म्हणू देत. आणि हे छापलंय कसं ते बघ. ही छटा. कासांद्र एअरब्रश वापरायचा. मग छापखान्यातला कारागीर ती छटा दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, प्रत्येक रंगासाठी वेगळी, ठिपक्याठिपक्यांनी. जवळून बघितलं की वाळू दिसायची आणि लांबून धुकं. हे तुझं म्हणजे पावडर फासल्यासारखं गुळगुळीत. आणि कडेची बारीक ओळ कुठे गेली? छापखान्याचं नाव असतं तिथे. फ्रेमवाल्यानं दाबलं की छापणाऱ्यानंच उडवलं?

मी: मला काय माहीत. एवढं बारीक कोण वाचतं?

मामा: माझी दोन वर्षं त्या ओळीत गेली, बाई.

ड्रिलवाला मुलगा दारात उभा होता. मी त्याला बसायला सांगितलं आणि चहा टाकला. मामा एकदा छपाईवर घसरला की रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यात मी विषय माझ्या अंगणात ओढला.

मी: मामा, हे पोस्टर सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण ते खोटं बोलतं. बरं, साधं खोटंही नाही. यात तिकिटाची किंमत नाही, खोली नाही, जेवण नाही, माणूस नाही. आणि 'नॉर्मंडी' तर आतून कशी होती? पहिल्या वर्गाचं जेवणघर 93 मीटर लांब. व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षा मोठं. लालिकच्या काचेचे दिवे. आणि एकही खिडकी नाही! तीन मजले उंच दालनात बसून माणसं जेवायची आणि बाहेर समुद्र आहे की शेत, कळायची सोय नाही. जहाजाच्या आत सगळा खटाटोप कशासाठी, तर आपण जहाजावर आहोत हे विसरायला लावण्यासाठी. आणि पोस्टरवर फक्त जहाज.

मामा: मग चांगलंच आहे की. आतल्या माणसाला जे दिसत नाही ते बाहेरच्याला दाखवलं.

मी: ग्राहकाला दिसणारच नाही अशी गोष्ट दाखवून माल विकायचा? बोटीवर चढणारा माणूस धक्क्यावरून, झाकलेल्या शिडीवरून आत जातो. त्याला बाजूचा पत्रा दिसतो, गोल खिडक्या दिसतात. नाळ समोरून, पाण्यातून कधीच दिसत नाही. चालत्या जहाजाच्या नाळेसमोर पाण्यात जो असेल, तो एक तर वेडा किंवा थोड्याच वेळात मरणारा.

मामा: (हसत) हे बरं बोललीस. पण लक्षात घे, कासांद्र काही हौशी चित्रकार नव्हता. अडॉल्फ मूरों त्याचं खरं नाव. 1901 साली खारकीव्हला जन्मला, पॅरिसला वाढला. बावीस वर्षांचा असताना एका फर्निचरच्या दुकानाचं पोस्टर केलं, लाकूडतोड्याचं, आणि पॅरिसचे रस्ते त्यानं भरून गेले. त्याचं म्हणणं काय होतं माहीत आहे? पोस्टरवाला म्हणजे तारमास्तर. तार त्याची नसते, तो फक्त पोचवतो. त्याचं मत कोणी विचारत नाही, निरोप स्वच्छ पोचला पाहिजे एवढंच. आता मोटारीतून जाणाऱ्या माणसाला तू 93 मीटरचं जेवणघर दाखवशील? त्याच्याकडे किती वेळ आहे? दोन सेकंद. दोन सेकंदात एकच शब्द पोचतो: प्रचंड.

मी: मग 'लातलांतिक'चं काय? तेही त्याचंच ना?

मामा: अहाहा! 1931. तुला कुठून माहीत?

मी: आमच्या धंद्यात ते जहाज पोस्टरमुळे प्रसिद्ध नाही.

इथे मला थोडी फुशारकी मारता आली. बोर्डोहून रिओ आणि ब्वेनोस आयरेसला जाणारं हे सुमारे 40,000 टनांचं जहाज 1931 च्या सप्टेंबरात पहिल्या फेरीला निघालं. जानेवारी 1933 मध्ये दुरुस्तीसाठी ल आव्रला जाताना इंग्लिश खाडीत ते पेटलं. प्रवासी नव्हते, पण खलाशांपैकी 19 जण गेले. सांगाडा ओढून बंदरात आणला आणि मग मालक व विमेवाले कोर्टात उभे राहिले. मालक म्हणाले टोटल लॉस, विमेवाले म्हणाले दुरुस्त होईल. मालक जिंकले आणि 1936 मध्ये जहाज भंगारात गेलं. चालतं आयुष्य सव्वा वर्षाचं, भांडण आणि भंगार यांचं तीन वर्षांचं.

मामा: आणि पोस्टर अजून आहे.

मी: हो, आणि त्या पोस्टरवर जहाज म्हणजे नुसता एक चौकोनी डोंगर, आणि त्याच्या पायाशी टगबोट, आगपेटीएवढी. इतका फरक कधीच नसतो. टग लहान असते, पण इतकी नाही. आमच्या सर्व्हेयरनं असं माप लिहून आणलं असतं तर त्याला घरी बसवला असता.

मामा: टगबोट म्हणजे त्या चित्रातलं माप आहे. पट्टी. ती नसती तर तुला तो चौकोन इमारतीसारखा वाटला असता. मोठी वस्तू मोठी काढून मोठी दिसत नाही, तिच्या शेजारी लहान काहीतरी ठेवावं लागतं. आमच्या मास्तरांनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं: हत्ती काढायचा असेल तर माहूत लहान काढा.

मी: तेच म्हणते. माहूत लहान काढतात.

मामा गप्प झाला. हा टोला मी ठरवून मारला नव्हता, पण लागला. मग त्यानं फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत बसला. मला वाटलं, झालं, आता जेवायला बसू.

मामा: तुला इंग्रजांची पोस्टरं आवडतील. शूस्मिथ म्हणून होता. रॉयल मेल कंपनीच्या बोटींवर स्वतः अधिकारी होता, मग चित्रकार झाला. त्याचं जहाज पाण्यात बसतं. पाणी कापलेलं दिसतं, नांगराची साखळी बरोबर, शेजारी त्या बंदरातली शिडाची होडी. खोट काढायला जागा नाही. भिंतीवर छान दिसतं. पण रस्त्यात थांबवत नाही.

मी: मला त्याहून काप काढलेली चित्रं आवडतात. क्युनार्डवाले 'अक्विटानिया' उभी चिरून दाखवायचे. वरून खाली सगळे मजले. वर नाचघर, खाली बॉयलर, मधे कोणाची तरी ट्रंक. निदान हिशेब कळतो.

मामा: ते पोस्टर नव्हे गं, ते बिल.

मी: बिलावरच ये मग. हे सगळं ज्या काळात छापलं जात होतं त्या काळात हा धंदा बसत चालला होता, हे तुझ्या पोस्टरवाल्यांनी सांगितलं का? अटलांटिकवरची जहाजं कोणाच्या पैशावर उभी राहिली? नाचघरवाल्यांच्या नव्हे. तळातल्या लोकांच्या. इटलीतले, पोलंडमधले, आयर्लंडमधले, बोचकी घेऊन अमेरिकेला निघालेले. 1907 या एका वर्षात अमेरिकेत 12 लाखांहून जास्त माणसं उतरली. मग 1921 ला पहिला कोटा आला, 1924 ला दुसरा, आणि वर्षाला जेमतेम दीड लाखाच्या घरात परवानग्या उरल्या. आपल्यासाठी तर 1917 पासूनच दार बंद होतं. तळ रिकामा झाला. मग कंपन्यांनी काय केलं? तोच तळ रंगवला, पडदे लावले, 'टुरिस्ट थर्ड' असं नाव दिलं आणि अमेरिकन मास्तरांना, विद्यार्थ्यांना विकला. चला पॅरिस बघायला. त्यात 1920 पासून अमेरिकेत दारूबंदी. परदेशी बोट किनाऱ्यापासून लांब गेली की बार उघडायचा. पोस्टरांचं सोनेरी युग म्हणतोस ना, ते या रिकाम्या तळाचं युग आहे. गिऱ्हाईक पळालं की दुकानदार पाटी रंगवतो.

मामा: अगं, मग त्यात नवल काय? जाहिरात हवी असते ती न खपणाऱ्या मालाला. खपणाऱ्याला कशाला? माझं सगळं आयुष्य न खपणाऱ्या साबणांवर गेलंय.

मी: पण मग मंदी आली. 'क्वीन मेरी' स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला अर्धवट उभी, 1931 च्या डिसेंबरात काम बंद. 1934 पर्यंत सांगाडा गंजत पडला, कामगार घरी. मग ब्रिटिश सरकारनं कर्ज दिलं, सगळं मिळून 95 लाख पौंडांचं, आणि अट घातली की क्युनार्ड आणि व्हाइट स्टारनं एक व्हायचं. 'नॉर्मंडी'लाही फ्रेंच सरकारचा पैसा. इटलीच्या 'रेक्स'मागे मुसोलिनी. म्हणजे तिकिटं विकून जहाज चालणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. जहाज हा झेंडा होता. आणि 'नॉर्मंडी'च्या जागा बघ: पहिल्या वर्गाच्या 848, टुरिस्टच्या 670, तिसऱ्याच्या 454. सरकारी पैशातून बांधलेल्या जहाजावर सगळ्यात मोठा वर्ग श्रीमंतांचा! मग हे पोस्टर कोणासाठी? गिऱ्हाइकासाठी नाही. ज्याच्या करातून ते बांधलं आणि जो त्यावर कधीच चढणार नाही, त्याच्यासाठी. त्याला रस्त्यात उभं करून सांगायचं: मान वर कर, बघ, हे आपलं आहे.

मामा: (टाळी वाजवून) अगदी बरोबर!

मी: अरे, मी तुझ्या विरुद्ध बोलतेय.

मामा: नाही, तू माझंच बोललीस. पहिल्या वर्गाचा माणूस पोस्टर बघून तिकीट काढत नाही. त्याचा सेक्रेटरी काढतो. पोस्टर रस्त्यावरच्यासाठी. म्हणून तर डोळा खाली आहे! चढणाऱ्याच्या नजरेतून काढलं असतं तर खुर्च्या, बायका, चेंडू, शांपेन, सगळं आलं असतं. बाकीच्या कंपन्यांनी काढलंच ना तसं ढिगानं. यानं न चढणाऱ्याचा डोळा घेतला. आणि तो डोळा कोणाचा ते मी तुला सांगतो. अण्णांचा.

अण्णा म्हणजे मामाचे वडील, माझे आजोबा. जयगडकडचे. 1930 च्या दशकात मुंबई बंदरात लाँचवर तांडेल होते. मोठी बोट बॅलार्ड पिअरला लागताना तिच्यावरून दोर खाली येतात. ते लाँचवर घ्यायचे आणि धक्क्यावर नेऊन द्यायचे, हे त्यांचं काम. बॅलार्ड पिअरला तेव्हा आगगाडी थेट धक्क्यावर यायची. साहेब बोटीतून उतरला की डब्यात बसून परस्पर पेशावरकडे रवाना. 1930 च्या ऑक्टोबरात पहिल्या गोलमेज परिषदेला आंबेडकर निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'वरून. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या 29 तारखेला गांधी निघाले 'राजपुताना'वरून, दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढून. पी अँड ओ कंपनीच्या डेकची पोस्टरं मी पुष्कळ पाहिली असतील, पण डेक म्हटलं की मला आठवतो तो त्या बोटीवरचा गांधींचा फोटो. जाहिरातदाराला झोपेतही सुचला नसता.

मामा: अण्णा सांगायचे, 'स्ट्रॅथनेव्हर' पहिल्यांदा आली तेव्हा धक्क्यावर सगळे बघत राहिले. पी अँड ओच्या बोटी तोवर काळ्या. ही पांढरीशुभ्र, पिवळी धुराडी, तीन.

मी: त्यातली दोन खोटी.

मामा: काय?

मी: 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथएर्ड', दोन्हींची पहिली आणि तिसरी धुराडी नुसती शोभेची. धूर फक्त मधल्यातून. लोकांना वाटायचं जास्त धुराडी म्हणजे जास्त दणकट बोट. पुढच्या 'स्ट्रॅथमोर'ला एकच ठेवलं. तुझ्या 'नॉर्मंडी'चंही तिसरं धुराडं खोटंच. त्यात प्रवाशांच्या कुत्र्यांची राहायची सोय होती.

मामा: (बराच वेळ हसून) म्हणजे जहाजानंच पोस्टर व्हायचं ठरवलं होतं! मग कासांद्रला का नावं ठेवतेस? त्यानं तर तीन धुराडी दाखवलीच नाहीत. समोरून काढल्यावर एकच दिसतं.

हा मुद्दा मला आवडला, पण मी तसं म्हटलं नाही. त्याऐवजी मी बोटीच्या पोटातल्या माणसांकडे वळले. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, इंजिनाशी पंजाबी आणि पठाण आगवाले, जेवणघरात गोव्याचे स्टुअर्ड. त्यांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कितीतरी कमी, झोपायची जागाही कमी. मी तावात होते.

मामा: थांब. हे मला सांगू नकोस. मला माहीत नाही म्हणून नव्हे, माहीत आहे म्हणून. हल्ली प्रत्येक जुन्या चित्राखाली ही चिठ्ठी चिकटवतात. यात अमका नाही, तमका नाही. ताजमहालात गवंडी नाही. मान्य! पण मग चित्राबद्दल काय कळलं? कासांद्रनं आगवाला काढला नाही, तसा राजपुत्रही काढला नाही. त्याच्या चित्रात नसण्यात सगळे सारखे आहेत. तू अण्णांबद्दल बोल. ते पोटात नव्हते, समोर होते. पाण्यात, छोट्या लाँचमध्ये, आणि वर ही भिंत येतेय. अण्णांनी जे आयुष्यभर पाहिलं ते पॅरिसमधल्या एका माणसानं काढलं. याहून जास्त काय हवं?

मी: अण्णांनी ते पाहिलं नाही, मामा.

मामा: म्हणजे?

मी: मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, आठवते ना? मी विचारलं होतं, कशी गेली. म्हणाले, एकदा वर बघितलं. एवढंच. मग म्हणाले, बोट येताना वर बघायचं नसतं. दोर बघायचा, आणि बोट आणि लाँच यांच्यामधलं पाणी बघायचं. ते पाणी कमी होऊ लागलं की हात आत घ्यायचा. वर बघितलं तर हात जातो.

मामा: मला हे कधी बोलले नाहीत.

मी: तू विचारलं नसशील. त्यांना जवळून काय दिसायचं तेही सांगायचे. पत्र्याचे सांधे. रिव्हेटा. गंजाचे ओघळ. बाजूच्या भोकातून मशीनचं गरम पाणी भसाभसा बाहेर पडतं, ते लाँचमध्ये आलं तर पंचाईत. आणि वरून कोणीतरी भाजीची सालं टाकतो. यातलं काय आहे तुझ्या चित्रात? एक रिव्हेट दाखव.

मामा उठला. मला वाटलं चिडला. तो कपाटापर्यंत गेला, गोदरेजचं जुनं हिरवं कपाट, आणि त्याच्या पायाशी गुडघे दुखत असतानाही हळूहळू खाली बसला. ड्रिलवाला मुलगा त्याला धरायला पुढे झाला. मामानं त्याला हातानंच थांबवलं आणि खालून कपाटाकडे बघितलं. मग थोडं मागे सरकून बघितलं. मग मला शेजारी बसवलं.

मामा: हे बघ. जवळ बसलं की कपाट वर निमुळतं होतं. कडा एकमेकींकडे झुकतात. होय ना? आता पोस्टर बघ. तिथे वर जावं तसं रुंद होत जातं. जहाजाची नाळ असतेच तशी, वर फाकलेली, मान्य. पण इतक्या खालून, इतक्या जवळून बघितलं तर वरचं सगळं आखडलं पाहिजे. इथे काहीच आखडलं नाही. म्हणजे तो जवळ नाही. पण लांब असता तर मान अशी वर करावी लागली नसती. मग तो आहे कुठे?

मी: कुठे?

मामा: कुठेच नाही! त्यानं पट्टी आणि कंपास घेऊन बसवलंय हे. असं जहाज कुठल्याच होडीतून दिसत नाही. अण्णांच्याही नाही. पन्नास वर्षं मी हे चित्र पुस्तकातून बघतोय आणि हे आज दिसलं. लबाड!

हे तो इतक्या आनंदानं म्हणाला की मला माझा विजय साजरा करता येईना. मी हरवायला निघाले होते आणि त्याला तर बक्षीस मिळालं होतं. खाली फरशीवर बसल्या बसल्याच मग मी त्याला 'नॉर्मंडी'चा शेवट सांगितला, कारण फाईल पुरी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. 1935 च्या मे महिन्याच्या 29 तारखेला ल आव्रहून निघालेलं हे जहाज चार दिवस तीन तासांत अटलांटिक ओलांडून पहिल्याच फेरीत वेगाचा मान घेऊन गेलं. युद्ध सुरू झालं तेव्हा ते न्यूयॉर्कला अडकलं. अमेरिकेनं ते ताब्यात घेतलं, सैनिक वाहून न्यायला बदलायला घेतलं. 9 फेब्रुवारी 1942 ला वेल्डिंगच्या ठिणगीनं लाइफ जॅकेटांचा ढीग पेटला. आग विझवणाऱ्यांनी पाणी मारलं, मारतच राहिले. पाणी वरच्या मजल्यांवर साचलं, जहाज कललं आणि रात्री धक्क्यालाच आडवं झालं. आगीनं नव्हे, पाण्यानं. त्याचा आराखडा काढणारा युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. तो धक्क्यावर आला, तळाच्या झडपा उघडा, जहाज सरळ तळाला टेकेल म्हणाला. त्याला आत सोडलं नाही.

मामा: मग किती दिवस पडून होतं तसं?

मी: दीडएक वर्ष. शहराच्या मधोमध. मग सरळ केलं आणि 1946 मध्ये भंगारात विकलं. लोक बघायला यायचे म्हणे.

मामा: आडवं असताना?

मी: आडवं असताना.

मामा: तेव्हा दिसली असेल नाळ. बाजूनं.

त्यानं कासांद्रचा शेवट मला सांगितला नाही. तो मी नंतर वाचला: युद्धानंतर पोस्टरं जवळजवळ सुटली, नाटकांचे पडदे केले, एका फॅशनवाल्यासाठी तीन अक्षरांची गुंफण केली जी आज जगभर पिशव्यांवर दिसते, आणि 1968 मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. मामाला हे ठाऊक असणारच. तो काही बोलला नाही, म्हणून मीही विचारलं नाही. एवढं मात्र त्यानं उठता उठता सांगितलं की जेजेत कमर्शियल आर्टचा वर्ग सुरू झाला तोही 1935 मध्येच, आणि या योगायोगाला काडीचाही अर्थ नाही.

"काका, किती फुटांवर मारू?" मुलानं तिसऱ्यांदा विचारलं.

मामानं फरशीवरून पेन्सिल धरली आणि भिंतीवर खूण केली. जमिनीपासून दीड फूट. मी म्हटलं चार फूट, निदान तीन. मुलानं खुणेवर बोटांनी टकटक केलं, शेजारच्या प्लगकडे बघितलं आणि म्हणाला, इथून वायर गेली आहे, इथे भोक पाडता येणार नाही. मग सोफ्याच्या वर? मामा म्हणाला, नको. मुलगा येण्याजाण्याचे दोनशे रुपये घेऊन गेला.

पोस्टर अजून भिंतीला टेकून जमिनीवरच उभं आहे. फरशी पुसणाऱ्या मावशी आधी रोज ते उचलून बाजूला ठेवायच्या. आता कंटाळल्या आहेत, कडेकडेनं पुसतात. पाणी काचेच्या तळाशी लागून वाळतं, तिथे एक पांढरी, वेडीवाकडी रेघ उमटली आहे. गेल्या रविवारी मी ओलं फडकं घेऊन खाली वाकले, तर मामा आतून ओरडला, तेवढं राहू दे.